सोलापुरात उतरणारी साखर

धुळाप्पा मेटकरी यांची साखर सोलापुरात उतरत असे आणि ते वस्तीवर परतले की चढत असे. इन्शुलिन एकाच दुकानातले, पुष्कळदा एकाच खोक्यातले. मात्रा तीच. ज्वारीही तीच, कारण सोलापुरातली ज्वारी वस्तीवरूनच जात असे.

हे चार वेळा घडले होते. धुळाप्पांचा धाकटा मुलगा अजिनाथ सोलापूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने घडू लागली की तिला योगायोग म्हणणे हा आळस आहे, असे तो विद्यार्थ्यांना सांगत आला होता. त्याने रीतसर विचार केला होता. औषध बदलत नव्हते, मात्रा बदलत नव्हती. खाणे वस्तीवर कमीच होते. तिथे ना बेकरी, ना नातवंडांच्या हातातला बिस्किटांचा पुडा. चालणे वस्तीवर अधिक होते. हिशेबाने साखर वस्तीवर उतरायला हवी होती. बदलत होता तो फक्त सुई देणारा हात. सोलापुरात तो अजिनाथच्या बायकोचा, ऋतुजाचा असे. वस्तीवर थोरल्या वहिनीचा, राजनंदिनीचा. हा निष्कर्ष त्याने अजून कुणाजवळ उच्चारला नव्हता. निष्कर्ष काढणे वेगळे आणि तो एकत्र कुटुंबात उच्चारणे वेगळे, एवढे पदार्थविज्ञानाबाहेरचे ज्ञान त्याला होते.

आज तो उच्चारावा लागणार, असे त्याला सांगोला ओलांडल्यापासून वाटत होते.

धुळाप्पांच्या डाव्या पायाची दोन बोटे आषाढात काढली होती. त्यानंतर कधीतरी त्याच पायात बाभळीचा काटा शिरला. कधी शिरला ते धुळाप्पांना सांगता आले नाही, कारण तो त्यांना कळलाच नव्हता. आयुष्यभर ज्या पायाला वाटेवरचा खडा कळत असे, त्या पायात काटा घेऊन ते मेंढरांमागे हिंडत राहिले, आणि राजनंदिनीला पायताणात पू दिसला तेव्हा टाच काळी पडली होती. गेल्या सोमवारी सोलापुरात तपासून डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्ये सांगितली. शुक्रवारी सकाळी आणा, गुडघ्याखाली काढू. त्यानंतर आणलंत तर गुडघा वाचेल असं मी म्हणणार नाही. त्याआधी, आजच भरती व्हा म्हटल्यावर धुळाप्पा खाटेवरून उतरून लंगडत जिन्याकडे चालू लागले होते. मेंढरांना सांगून येतो, म्हणाले.

आज गुरुवार होता.

पत्र्याच्या शेडमध्ये धुळाप्पांची खाट होती आणि भर दुपारी तिच्यावर मच्छरदाणी बांधलेली होती. ती डासांसाठी नव्हती. शेजारी मेंढरांचा वाडा. पण आज शेडमध्ये मेंढरांचा वास येत नव्हता. दुसरा वास त्याच्यावर चढला होता.

"आलास व्हय, मास्तर?" मच्छरदाणीआडून आवाज आला. प्राध्यापक झालेल्या मुलाला धुळाप्पा मास्तरच म्हणत. त्याहून मोठी पदवी त्यांच्या लेखी नव्हती. "काल तुज्या मशिनीनं आकडाच दावला न्हाय. राजनंदिनीनं वाचलं, 'हाय' म्हनून. म्या म्हनलं, हाय ते मला ठाव हाय की. किती हाय ते सांग म्हनावं तिला."

साखर मोजण्यापलीकडे गेली की ते यंत्र आकडा न देता तेवढीच दोन इंग्रजी अक्षरे दाखवते. अजिनाथ हसला नाही. खाटेच्या पायथ्याशी बसलेला थोरला भाऊ बिरुदेवही हसला नाही. बिरुदेव डाळिंबाची बाग पाहत असे. बागेत तेल्या रोग पडला तर कोणत्या पानावर कोणता डाग आधी दिसतो हे तो अंधारात चाचपून सांगू शकला असता. बापाच्या पायाकडे मात्र तो पाहत नव्हता. पाहिल्याने ठरवावे लागते.

"मास्तर आला ते बरं झालं," बसम्मा आत्त्या म्हणाली. ती धुळाप्पांची थोरली बहीण. अक्कलकोटपलीकडे दिलेली, आणि तिकडचे कानडी तिच्या मराठीत पक्के मुरलेले. "आता सांग रं बाबा, पाय कापाय मानूस काय बाभळीचं झाड हाय? बेडा, बेडा! नको म्हंजे नको. आमच्याकडं एक अज्जा पाला बांधतोय. काळं पडलेलं बैलाचं खूर त्यानं धरलंय."

"आत्त्या, पाला जित्या कातड्याला लागू पडतो. टाचेपर्यंत कातडं मेलंय."

"तू लावून बघितलास?"

"नाही."

"मग कसं ठाव?"

प्रश्न चुकीचा नव्हता, आणि म्हणून अजिनाथला राग आला. "अज्जानं किती जणांना बांधला नि किती जण उठले, हे कुणी बघितलंय? जो उठतो तो गावभर सांगतो. जो मरतो तो सांगायला येत नाही."

"मला इचारा की कुनीतरी," धुळाप्पा म्हणाले. "पाय माजा हाय."

धुळाप्पांनी मच्छरदाणीची कड उचलली. अजिनाथला बापाचा चेहरा दिसला आणि तीन दिवसांत माणूस एवढा आटतो याची त्याने निव्वळ नोंद घेतली. त्यापुढे जाणे त्याने टाळले.

"पाय दिला तर मेंढरं कोन वळवनार? बिऱ्याचं मन बागंत. तू तिकडं. मेंढरू मानसाला चालीवरनं वळखतंय. कुबडीवरचा मानूस बघितला तर लांब पळंल ते."

"आन् काढला तर बरं व्हईल का?" बिरुदेवने पहिल्यांदा तोंड उघडले.

"ह्या पायाचं मिटेल. दुसऱ्याचं सांगता येत नाही."

"का न्हाय सांगता येत?"

"साखर उतरत नाही तोवर दुसरा पायही त्याच वाटेनं जाणार. डोळे जातील, मूत्रपिंडं जातील. तुकड्या-तुकड्यानं जातो माणूस ह्यात."

"सोलापुरात तर उतरती की."

"तेच म्हणतोय मी, दादा."

हे वाक्य त्याने जरा हळू उच्चारले, तरी ते जिथे पोचायचे तिथे पोचले. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या राजनंदिनीचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले.

बनाबाई, म्हणजे अजिनाथची आई, खाटेच्या उशाशी बसून पंख्याने माश्या वारत होती. "न्हाई रं लेकरा," ती म्हणाली, "ह्या जागंलाच कायतरी लागलंय. चनमल्लप्पाचं डोळं गेलं. सोमलिंग श्रावणात गेला, तो बी रोज सुई घेत व्हता की. नंदीशच्या आईचं तोंड रोज सुजतंय. औषध सोलापूरचं, डाक्टर सोलापूरचा, आन् वस्तीवर कुनाचीच सुई लागू पडंना. आमी पैलं हितं दुसऱ्याच्या पांढरीवर पाल टाकलं, त्याचं हे असंल."

अजिनाथने ते ऐकले आणि बाजूला ठेवले. साखर हा आजार वस्तीवर कसा आला हे त्याला ठाऊक होते, आणि त्यात पांढरीचा, म्हणजे गावाच्या मातीचा, दोष नव्हता. कालव्याचे पाणी आले. पाण्यामागून डाळिंब आले, डाळिंबामागून मोटारसायकल आली, आणि दिवसभर चालणारी माणसे पंचवीस वर्षांत बसती झाली. चहा मात्र चालणाऱ्यांचाच राहिला, निम्मा कप साखरेचा. एवढे स्पष्टीकरण त्याला पुरेसे वाटत असे. एका जागी राहणाऱ्या अनेकांचे औषध एकाच तऱ्हेने वाया जात असेल, तर त्या अनेकांत समान काय आहे हे शोधायचे असते, हेही तो शिकवीत असे. पण तीच गोष्ट आईच्या तोंडून पांढरीचा दोष म्हणून आली, आणि त्याने पांढरीबरोबर निरीक्षणही टाकून दिले.

"जागंला नको बोलू, बना," बसम्मा म्हणाली. "जागा सुई टोचत न्हाय."

बसम्माची थोरली लेक बिरुदेवला द्यायची, असे दोन्ही घरांनी पाळण्यात ठरवले होते. बिरुदेवने माणच्या बाजारात पाहिलेली राजनंदिनी करून आणली. त्या लेकीला आता नातवंडे व्हायची वेळ आली, तरी बसम्माच्या मनातली ती वरात अजून दारात अडून उभी होती.

"तुमी माज्या सुनंला बोलू नका, वन्सं," बनाबाई ताडकन म्हणाली. "ह्यांचं हगनं-मुतनं ती काढती. तुमची लेक आली असती तर नाकाला पदर लावून माहेरी गेली असती."

"मी बोलत न्हाय. तुज्या ल्योकाला इचार. त्याच्या पोटात हाय ते. चेहऱ्यावर दिसतंय की."

सगळ्यांनी अजिनाथकडे पाहिले. त्याने बोलायचे ठरवले. उद्या पाय गेला तरी सुई राहणार होती. आणि सुई जर अशीच चुकणार असेल, तर पाय कापण्यालाही अर्थ नव्हता. त्याने औषध, मात्रा, खाणे, चालणे एकेक करून मांडले, वर्गात मांडावे तसे. एकेक खोडत गेला. शेवटी एकच उरले. त्याचे नाव त्याने घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती.

"तसं न्हाई, भावजी," चुलीपासून आवाज आला.

"वैनी, मी कुणावर आळ घेत नाही. कामाच्या रगाड्यात चुकू शकतं. बाई पहाटेपासनं राबते. एखादी सुई राहते, मग दोन राहतात. माणूस सांगायला भितो. त्यात गुन्हा नाही. पण खरं कळलं पाहिजे."

"खरं सांगते. एक बी चुकली न्हाई."

बनाबाईचा पंखा थांबला. "कवा कवा उशीर व्हतो मात्र, बया," ती अवघडून म्हणाली. "भाकरी निवली तरी सुई न्हाई. परवा मीच म्हनलं न्हवं का, आगं दे की, म्हातारा उपाशी हाय. तर म्हनलीस, थांबा आत्ती, थांबा."

"उशीर व्हतो. चुकत न्हाई."

"उशीर का होतो?" हे विचारायला हवे होते, आणि ते त्या शेडमध्ये कुणीही विचारले नाही. अजिनाथनेसुद्धा नाही. त्याला जे सापडले आहे असे वाटत होते, त्याला उशीर हा शब्द इतका नीट बसत होता की आणखी काही विचारण्याची निकड उरली नव्हती.

बनाबाई सुनेकडून सरकली ती अशी. मुठीतल्या वाळूसारखी, न कळत. राजनंदिनीने सासूकडे एकदा पाहिले. मग नवऱ्याकडे.

बिरुदेव उठला. क्षणभर वाटले, तो भावाच्या अंगावर जाईल. तो देव्हाऱ्यापाशी गेला. बिरोबाच्या टाकापुढची भंडाऱ्याची वाटी त्याने उचलली आणि चुलीपाशी नेऊन ठेवली.

"उचल भंडारा."

"दादा, हळदीनं साखर कळत नसते," अजिनाथ म्हणाला.

"मला कळंल."

मेटकऱ्यांच्या तीन पिढ्यांत बाईला भंडारा उचलायला लावल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. शपथेला भंडारा पुरुष उचलत: बांधासाठी, चोरलेल्या मेंढीसाठी. राजनंदिनीने पीठ लागलेले हात धुतले. पुसले. ओंजळ भरून भंडारा घेतला आणि खाटेसमोर येऊन उभी राहिली.

"ह्या हातानं मामास्नी सकाळ-संध्याकाळ सुई दिली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक बी ऱ्हायली आसंल तर बिरोबा हे हात झडू दे." मग तिने अजिनाथकडे तोंड केले. "भावजी, तुमचा इश्वास भंडाऱ्यावर न्हाई, ठाव हाय मला. मग डोळ्यावर ठिवा. आता संध्याकाळची सुई हाय. आज तुमी द्या. तुमच्या हातानं साखर उतरती का बगू."

दिवसभरात त्या शेडमध्ये कुणी सुचवलेला हा पहिलाच प्रयोग होता, हे अजिनाथला मान्य करावे लागले.

"द्या बाटली," तो म्हणाला.

बाहेर मेंढरे परतत होती. चारदोन म्हाताऱ्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या सवयीने शेडच्या तोंडाशी येऊन थबकल्या आणि खाटेकडे माना वळवून उभ्या राहिल्या. धुळाप्पांनी जिभेने टक् असा आवाज काढला, त्या गेल्या.

राजनंदिनी आत गेली. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला, मग वरचे आतले झाकण खरवडून उघडल्याचा. ती बाटली मुठीत धरून आली, आणि ती मूठ तिने पदरात गुंडाळली, थंडीत कोकराला धरावे तशी.

"वाईच थांबा," ती म्हणाली. "आजून वितळली न्हाई."

अजिनाथला वाक्य ऐकू आले. त्याचा अर्थ लागायला त्याला एवढा वेळ का लागला हे पुढे त्याला कधीच सांगता आले नाही.

"काय वितळली नाही?"

"बाटली. मेंढरं यायच्या वक्ताला काडून ठिवते, भाकरी व्हईस्तवर व्हती. आज ह्या गडबडीत काडायची ऱ्हायली." तिने मूठ उघडली. "म्हनून तर उशीर व्हतो."

बाटलीवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. आत पांढरा खडा होता. अजिनाथने बाटली घेऊन तळव्यांत फिरवली, फिरवत राहिला. खडा सुटला. दुधाळ, एकजीव व्हायला हवा होता तो द्रव फाटला होता. लिंबू पिळलेल्या दुधासारखे कण तळाला बसत होते आणि काही काचेला चिकटून राहत होते.

तो आत गेला. फ्रीज त्यानेच घेऊन दिला होता, खास ह्या औषधासाठी. फोनवर तो दर महिन्याला विचारीत असे: वैनी, इन्शुलिन फ्रीजमध्येच ठेवता ना? आणि ती सांगे: व्हय भावजी. दोघांनीही प्रत्येक वेळी खरे विचारले होते आणि खरे सांगितले होते. फ्रीजच्या दारात, जिथे बाटली असायला हवी होती, तिथे मिरच्या होत्या. त्याने वरचा बर्फाचा कप्पा उघडला. आत बर्फाच्या थरात बाटल्या रुतवलेल्या होत्या, एक नव्हे, अनेक. प्रत्येकीच्या गळ्याला लोकरीचा धागा: लाल, निळा, हिरवा. मेंढरांच्या पाठीवर मालकामालकाच्या खुणेचे रंग ओढतात, तेच रंग. हिरवा धागा सोमलिंगाचा होता. श्रावणापासून ती बाटली तशीच होती.

तो बाहेर आला.

"बाटल्या बर्फात कुणी ठेवल्या?"

"म्या," धुळाप्पा कोपरांवर उठत म्हणाले. त्यांच्या आवाजात दिवसभरात पहिल्यांदा धार आली होती, ज्याला स्वतःचे काम ठाऊक आहे त्याची. "मगापासनं तिला छळताय, मला इचारलं का कुनी? तिला म्याच शिकीवलं. लस बरफात. दारात ठिवली तर लाइट गेल्यावर गरम व्हती. हितं लाइट आठ-आठ तास जाती. बरफ बरफाला धरून ऱ्हातोय. सोमलिंगाकडं फ्रीज न्हवता, चनमल्लप्पाकडं न्हवता. म्या म्हनलं, आना हिकडं. ज्याच्या मेंढराचा रंग त्याच्या बाटलीला. आजपातूर एक बाटली हिकडची तिकडं झाली न्हाय."

"आप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"देवीच्या साली सांगितलं की. इसरलास? शाळंत व्हतास तू."

विसरला नव्हता. मेंढ्यांना देवी आल्या होत्या. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर लस घेऊन आला तो सायकलला पिशवी अडकवून, भर उन्हातून. बर्फ कधीच संपून गेला होता. सगळ्या वाड्याला ती टोचली आणि निम्मा वाडा मेला. ओढ्याकाठी खड्डा खणला होता, आणि धुळाप्पा त्याच्या कडेला उकिडवे बसून एकेक मेंढी आत सोडताना तिला हाक मारत होते. नंतर मोठ्या डॉक्टरांनी येऊन सांगितले: धुळाप्पा, बर्फ सुटला की लस मेली. धुळाप्पा अक्षरशत्रू होते, पण जे एकदा किंमत देऊन शिकले ते विसरत नसत.

अजिनाथ उभा राहिला. खोटे बोलणे सोपे होते. बाटल्यांचा माल खराब निघाला म्हणायचे, सगळ्या फेकून द्यायच्या, नव्या आणून दारात ठेवायच्या. वहिनी सुटली असती. बापही सुटला असता. एवढे खोटे पदार्थविज्ञान तो सहज बोलू शकला असता.

"मेली का लस?" धुळाप्पांनी विचारले. ते त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहत होते. मेंढरू आतून बिघडले की ते कुणी सांगायच्या आधी त्यांना कळत असे.

"मेली."

"कशानं?"

राजनंदिनी अजून तशीच उभी होती, हात पिवळे, अंगापासून लांब धरलेले. अजिनाथने तिच्याकडे पाहिले आणि मग खोटे बोलणे शक्य राहिले नाही.

"बर्फानं, आप्पा. ही लस नव्हे. ही गार ठेवायची, पण गोठवायची नाही. एकदा गोठली की तिच्यातला जीव बराचसा जातो. थोडा उरतो, किती उरतो ते कुणाला सांगता येत नाही. तुमची तर रोज गोठायची नि रोज वितळायची. वैनीनं एक सुई चुकवली नाही. सुईत औषधच राहिलं नव्हतं."

बसम्मा पुटपुटली, "अय्यो शिवने," आणि तिचा पदर तोंडावर गेला.

"मंग पाय?" धुळाप्पांनी विचारले.

"पाय जाणारच. तो आता औषधाचा राहिला नाही."

"आन् सोमलिंग?"

"एवढ्या एकाच कारणानं माणूस जात नसतो. त्याला दम होता, तंबाखू होती..."

"मास्तर. इचारतोय ते सांग."

"ह्यानं बिघडलं असणार," अजिनाथ म्हणाला. "त्याचंही. चनमल्लप्पाचंही."

धुळाप्पा आडवे झाले. मच्छरदाणी त्यांनी स्वतःच खाली सोडली.

"देवीच्या साली," ते आतून म्हणाले, "त्या कंपाउंडरला म्या भर बाजारात मारलं व्हतं. पायात पडला व्हता. म्हनत व्हता, मला कुनी सांगितलं न्हाय, धुळाप्पा. मला कुनी सांगितलंच न्हाय."

बनाबाईने पंखा उचलला आणि पुन्हा ठेवला. राजनंदिनी मोरीकडे वळली. बिरुदेव तिच्यामागून गेला. हाक मारावी की न मारावी असा तो दाराशी घुटमळला.

"पानी घाला हातावर," ती म्हणाली.

त्याने तांब्या धरला. हळद सहजी सुटत नव्हती.

"आता परत उचलाय लावशीला तर," ती हात चोळत म्हणाली, "सांगून लावा. मी आदी गाठुडं बांदून ठिवते."

"राजा, मला काय ठाव..."

"घाला पानी."

खाटेपाशी धुळाप्पांनी मुलाला जवळ बोलावले. उद्या पायाचे काय करायचे हे त्यांनी विचारले नाही. न्या म्हणाले, तेवढेच. मग म्हणाले, "चनमल्लप्पा आंदळा हाय. त्येला बाटलीचा रंग दिसत न्हाय. त्येची सून येती न्याया, कवा कवा. आज आली तर काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

"तू नको. मी सांगतो," धुळाप्पा म्हणाले. "माज्यापाशी ठिवाय दिलती."

अजिनाथने बर्फाचा कप्पा रिकामा केला. धागे सोडले नाहीत. बाटल्या परातीत मांडल्या तेव्हा त्यांच्यावर दव धरले, आणि शेडच्या उजेडात त्या नव्यासारख्या दिसू लागल्या.

कारण सापडले होते, आणि ते एवढेच होते. मेंढ्यांच्या देवीची लस बर्फात जपावी लागते. बर्फ सुटला की ती मरते. इन्शुलिन बर्फात मरते, आणि वितळल्यावर त्याची बाटली लांबून पूर्वीसारखीच दिसते. दोन्ही बाटल्या बोटाएवढ्या, दोन्हींना रबरी बूच, दोन्ही सुईने घ्यायच्या. देणारा दोन्ही देताना एकच सांगतो: थंड ठेवा. मेटकरी वस्तीवर ते काटेकोर पाळले गेले होते.